शब्दचर्चा : पट्टीवरचा ‘मोठा खुलासा’
(प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याच्या गावाचं नाव आहे.)

आर्णी :
टपरीवर, सलूनात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टीव्ही लागलेला असला तरी त्याचा आवाज बहुधा बारीकच असते. लोक खालची पट्टी वाचतात अन् त्यावरून बोलणं सुरू होते. आता रात्रीच्या चर्चेत पट्टी आली : ‘माजी मंत्र्यांचा मोठा खुलासा’. लगेच दोन तट पडतात. एक म्हणते, त्यायच्यावर आरोप झाला होता, त्याचं उत्तर त्यायनं देलं. दुसरा म्हणते, नाही बा, त्यायनं दुसऱ्याचंच बिंग फोडलं. दोघंही एकाच पट्टीवरून बोलतात. मराठीत ‘खुलासा’ या शब्दाचा नेमका अर्थ कोणता? अन् पट्टीवर दिसला तर कोणता घ्यावा? जाणकारांनी जरा खुलासेवार सांगावं.

वरूड :
भाऊ, अर्धं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. ‘खुलासेवार’ म्हणजे फोड करून, उलगडून, शंका राहणार नाही असं. मराठीतला ‘खुलासा’ हाच : ज्या गोष्टीबद्दल शंका, आरोप किंवा गैरसमज आहे, ती ज्याच्याशी संबंधित आहे त्यानं स्वतः स्पष्ट करून सांगणं. म्हणून मराठीत खुलासा मागतात, मागवतात, सादर करतात, मान्य किंवा अमान्य करतात. मागणारा एक आणि देणारा दुसरा, अशी दोन माणसं या शब्दात आधीपासून उभी आहेत.

शब्द मूळ अरबी, फारसीतून आला. ख-ल-स या धातूत ‘निखळ, मोकळं, शुद्ध’ असा भाव आहे. ‘खालसा’ आणि ‘खलास’ त्याच घरचे. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचं राज्य ‘खालसा’ झालं म्हणतो तो शब्दही यातलाच : सरकारच्या निखळ मालकीचं झालेलं. अरबी-उर्दूत ‘खुलासा’ म्हणजे सार, गोषवारा. मराठीनं त्यातून ‘स्पष्ट करून सांगणं’ घेतलं. हिंदीत मात्र शब्दाचं बोट ‘खुलना’ या क्रियापदानं धरलं. आवाज सारखा वाटला, म्हणून ‘झाकलेलं उघडं होणं’ हा अर्थ तिथे चिकटला. व्युत्पत्तीनं ‘खुला’ आणि ‘खुलासा’ यांचा संबंध नाही.

म्हणून ‘पुलिस ने हत्या का खुलासा किया’ याचं मराठी ‘पोलिसांनी हत्येचा उलगडा केला’ किंवा ‘छडा लावला’ असं होईल. ‘पोलिसांनी हत्येचा खुलासा केला’ असं लिहिलं, तर मराठी वाचणाऱ्याला वाटेल की हत्येबद्दल पोलिसांनाच जाब विचारला गेला.

दारव्हा :
वरूडकरांच्या म्हणण्याला कागदाचा आधार देतो. गावातला कोणीही हा शब्द पहिल्यांदा पाहतो तो कार्यालयीन पत्रात. ‘आपला लेखी खुलासा तीन दिवसांच्या आत सादर करावा. मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काही एक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ ग्रामसेवक, रेशन दुकानदार, मुख्याध्यापक, सगळ्यांना या भाषेची सवय आहे. इथे खुलाशाला मुदत असते, तो लेखी असतो आणि दिला नाही तर त्याचा परिणाम होतो. तोच शब्द रात्री पट्टीवर ‘सनसनाटी बातमी’ या अर्थानं आला की माणूस गोंधळणारच.

पुसद :
पट्टीवर हा शब्द का येतो हे समजून घेतलं पाहिजे. पट्टी अँकर लिहीत नाही. अँकर समोर बोलत असतो, पट्टी मागे डेस्कवर टाइप होते. पाहुणा बोलतोय तोवर तिथला माणूस एक कान त्याच्याकडे ठेवून आठ-दहा शब्दांत त्याचं म्हणणं बसवत असतो. त्यात बरीचशी बातमी त्याच्यापुढे हिंदीत आलेली असते. ‘बड़ा खुलासा’ दिसलं की ‘मोठा खुलासा’ व्हायला एक सेकंदही लागत नाही. दुसरं कारण जागेचं. ‘गौप्यस्फोट’ लिहायला रुंदी जास्त लागते आणि त्यातली जोडाक्षरं बारीक अक्षरात गिचमिड दिसतात. ‘खुलासा’ तीन अक्षरांत बसतो, लांबून वाचता येतो.

पण खरी गडबड षष्ठीनं होते. ‘मंत्र्यांचा खुलासा’ यात ‘मंत्र्यांचा’ म्हणजे मंत्र्यांनी केलेला की मंत्र्यांविषयी झालेला? मराठीत षष्ठीतून दोन्ही निघतात. ‘बाबत’ घातलं तर घोळ वाढतो : ‘मंत्र्यांबाबत मोठा खुलासा’. पट्टी लिहिणाऱ्यानं कर्ता आणि क्रियापद दिलं की प्रश्न मिटतो. ‘आरोप खोटे : माजी मंत्री’ किंवा ‘कंत्राटाची माहिती माजी मंत्र्यांकडून उघड’. पहिली ओळ लांबीनं ‘माजी मंत्र्यांचा मोठा खुलासा’ याच्या जवळपासच आहे, दुसरी थोडी लांब आहे.

मूल :
जरा वेगळं मत मांडू का? आमच्याकडे हिंदी दारातच आहे. बाजारात, बसस्टँडवर, नातेवाइकांत लोक हिंदी-मराठी मिसळून बोलतात. ‘खुलासा’चा हिंदी अर्थ पोरासोरांच्या तोंडी बसला आहे. अरबीतून घेताना मराठीनं अर्थ बदललाच ना? मग आता आणखी एकदा बदलला तर तो चुकीचा कसा?

वरूड :
ताई, अर्थ बदलतात हे कबूल. पण इथे जुना अर्थ गेलेला नाही. तहसीलच्या पत्रात तो रोज जिवंत आहे. एकाच शब्दाचे दोन अर्थ, तेही एकमेकांच्या उलट बाजूचे. एकात माणूस आरोपाला उत्तर देतो, दुसऱ्यात आरोप करतो. टपरीवरचे दोघं भांडतात ते याचमुळे. ज्या कामाला आपल्याकडे आधीपासून ‘गौप्यस्फोट’, ‘उलगडा’, ‘उघड केलं’, ‘बिंग फोडलं’ असे चार वेगवेगळे शब्द आहेत, त्या कामासाठी जबाब देण्याचा एकमेव सोपा शब्द मोडीत काढण्यात आपलाच तोटा आहे.

आणि ‘गौप्यस्फोट’ हाही सढळ हातानं वापरायचा शब्द नाही. गोष्ट तोवर लपलेली असली पाहिजे, आणि सांगणाऱ्याला ती ठाऊक असण्याचं काही कारण असलं पाहिजे. सकाळच्या पेपरात छापून आलेली गोष्ट रात्री ओरडून सांगितली तर गौप्य काहीच उरलेलं नसतं, ती पुनरुक्ती असते.

हिंगणघाट :
चर्चा ऐकताना आणखी दोन-तीन शब्द हाताशी असले की कोण काय करतोय ते पटकन ओळखू येतं. प्रवक्त्याच्या उत्तरानंतर स्वतःला एवढंच विचारायचं : प्रश्नात नसलेली नवी माहिती आली का? तारीख, रक्कम, ठरावाचा क्रमांक, कोणी सही केली, यातलं काही? आलं असेल तर तो खुलासा. मग तो पटो वा न पटो. ‘असं काही घडलंच नाही’ एवढंच असेल तर तो इन्कार. ‘मी तसं म्हणालो नव्हतो, माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला’ असेल, आणि मुळात काय म्हणालो ते मात्र सांगितलं नसेल, तर ती सारवासारव.

‘सारवासारव’ शब्द किती नेमका आहे ते ज्यांच्या घरी अजून मातीची जमीन आहे त्यांना कळेल. सारवण्याआधी खड्डे माती भरून, ठोकून, वाळू द्यावे लागतात. मग शेणाचा काला पातळ करून, आतल्या भिंतीकडून दाराकडे मागे मागे सरकत, हाताचे अर्धगोल एकावर एक चढवत सारवायचं. कोणी घाईत खड्डा न भरताच वरून हात फिरवला तर ओलं असेपर्यंत जमीन एकसारखी दिसते. दुपारी वाळली की खड्डा होता तिथेच दिसतो आणि कडेनं पोपडे सुटतात. टीव्हीवरची सारवासारव दुसऱ्या दिवशीच्या पेपरात अशीच वाळते.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त चालतो : ‘तुमच्या काळात काय झालं ते आधी सांगा.’ याला लोक ‘सडेतोड उत्तर’ म्हणतात, ते चूक आहे. न्यायसूत्रं हा तर्क आणि वाद यांवरचा जुना संस्कृत ग्रंथ. त्याच्या पाचव्या अध्यायात वादात हरण्याची २२ ठिकाणं दिली आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातलं एक ‘मतानुज्ञा’ : आपल्या पक्षावरचा दोष न काढता समोरच्या पक्षावर तोच दोष लावणं. तिथे कारणही दिलं आहे. असं करणारा स्वतःवरचा दोष मान्य करून बसतो. ‘तुम्हीही खाल्लं’ म्हणणाऱ्यानं ‘आम्ही नाही खाल्लं’ म्हटलेलंच नसतं. विषयच बदलला तर ते ‘अर्थांतर’, आणि काहीतरी काम काढून मधूनच उठून जाणं म्हणजे ‘विक्षेप’. दोन्ही त्याच यादीत आहेत. इतका जुना आणि इतका कामाचा शब्दसाठा आपण फक्त संस्कृतच्या परीक्षेपुरता ठेवला, याची फार खंत वाटते.

आर्णी :
दादा, मतानुज्ञा हा शब्द आता ओट्यावर चालवून पाहतो. एक शंका. बाहेरगावाहून बोलणारा पाहुणा प्रश्नानंतर गप्प राहते, इकडं तिकडं पाहते. लोक लगेच म्हणतात, ‘पाहा, उत्तर नाही सुचलं.’ हे उत्तर टाळणं धरायचं काय?

पुसद :
नाही, हे धरू नका. बाहेरच्या पाहुण्याचा आवाज उपग्रहानं किंवा मोबाइलच्या नेटवर्कवरून येतो. भूस्थिर उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तराला तेवढाच वेळ. त्यात चित्र दाबून पाठवण्याचा आणि उलगडण्याचा वेळ मिळवला की एक-दोन सेकंद सहज जातात. तेवढ्यात अँकरला वाटतं पाहुणा बोलत नाही, तो प्रश्न पुन्हा विचारतो. पाहुण्याचं उत्तर नेमकं त्यावर येऊन आदळतं, मग दोघंही थांबतात आणि दोघंही पुन्हा एकदम सुरू करतात. यात टाळाटाळ काहीच नाही.

दुसरी अडचण कानातल्या यंत्राची. पाहुण्याला स्टुडिओचा सगळा आवाज जायला हवा, फक्त त्याचा स्वतःचा वगळून. तो वगळायचा राहिला तर त्याला आपलंच बोलणं एक-दोन सेकंदांनी कानात ऐकू येतं, आणि भलाभला वक्ता अडखळतो. पाहुणा वाक्याच्या मध्येच थबकला, कानाला हात लावला, यंत्र काढलं, तर दोष तिथला समजा. टाळणारा माणूस थबकत नाही, तो उलट जास्त वेगानं आणि जास्त बोलतो.

व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावरून तर ‘निरुत्तर झाले’ असा निकाल देऊच नका. तुकडा कापणारा बरोबर त्या दोन सेकंदांवर थांबतो.

दारव्हा :
ज्यांना नीट खुलासा कसा असतो ते पाहायचं आहे त्यांनी विधिमंडळाची प्रश्नोत्तरं वाचावीत. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात रात्रीच्या चर्चांना ऊत येतो, पण दिवसा सभागृहात दिलेली उत्तरं छापील मिळतात. प्रश्नाचा साचा ठरलेला : ‘अमुक घडले, हे खरे आहे काय?’, ‘असल्यास, चौकशी केली आहे काय?’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरं तशीच क्रमानं : ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, किंवा ‘हे अंशतः खरे आहे’. ‘अंशतः’ दिसलं की पेन्सिलनं खूण करा, कारण कोणता अंश खरा ते पुढच्या दोन ओळींत द्यावं लागतं. तारांकित प्रश्न असेल तर सभागृहात त्यावर तोंडी उपप्रश्नही येतात. टीव्हीवरच्या चर्चेत ‘विलंबाची कारणे काय आहेत’ हा प्रश्न फारच कमी विचारला जातो, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त तोच विचारला पाहिजे.

सिंदखेड राजा :
चांगली चर्चा आहे. एक व्यवहाराचा प्रश्न. वाहिनीनं एखाद्या कार्यक्रमात गावाबद्दल चुकीची माहिती दिली, तर पत्रात काय मागायचं : खुलासा, दुरुस्ती, दिलगिरी की माफी?

वरूड :
चारही वेगळे आहेत, आणि चुकीचा शब्द वापरला तर वाहिनीला तेवढंच देऊन मोकळं होता येतं. ‘खुलासा करावा’ लिहिलंत तर ‘आमची माहिती अमुक सूत्रांकडून आली होती’ एवढं कळवून वाहिनी हात झटकेल. ‘दुरुस्ती’ म्हणजे चुकीची गोष्ट कोणती आणि बरोबर कोणती, हे दोन्ही पडद्यावर सांगणं. ‘दिलगिरी’त वाईट वाटल्याचं येतं, चूक कबूल केल्याचं येतंच असं नाही. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हे ‘असल्यास’ तिथेच लपतं. ‘माफी’त चूक कबूल करावी लागते. माहिती चुकली असेल तर आधी दुरुस्ती मागा. बदनामी झाली असेल तर दुरुस्ती आणि माफी दोन्ही मागा.

पत्रात कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, आणि चुकीचं वाक्य जसंच्या तसं लिहा. पट्टी चुकली असेल तर तिचा फोटो जोडा. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत २०२१ साली झालेल्या बदलानुसार तक्रार आधी वाहिनीकडेच करायची. वाहिनीनं २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत त्या वाहिनीच्या स्वनियामक संस्थेकडे जाता येतं. पोच जपून ठेवा, तक्रार कधी मिळाली याचा तोच पुरावा.

मूल :
मग ‘मोठा खुलासा’ या पट्टीबद्दलच तक्रार करायची झाली तर?

वरूड :
ताई, ती तक्रार लिहिण्यासारखी नाही, पण सूचना नक्की लिहिण्यासारखी आहे. दोन ओळी पुरतात : ‘दिनांक अमुक रोजी रात्रीच्या कार्यक्रमात ‘खुलासा’ हा शब्द ‘गौप्यस्फोट’ या अर्थाने वापरला आहे. मराठीत खुलासा म्हणजे ज्याच्याविषयी शंका आहे त्याने दिलेले स्पष्टीकरण, तरी पट्टीत कर्ता आणि क्रियापद द्यावे.’