चार दिवस झाले, लेकीला शी झालेली नाही. काय देऊ?

पारिजात
मदत हवी आहे, जरा लवकर सांगा. आज चौथा दिवस. सारखी जोर लावते, लालबुंद होते, रडते, पण शी काही होत नाही. पाणी पाजून झालं, पोट चोळून झालं. डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली आहे. तोवर घरच्या घरी काय देता येईल? अनुभव असेल त्यांनीच लिहा, नुसतं 'डॉक्टरांना विचारा' नको.

खटपट्या
वय?

अबोली
साबणाची कांडी. टोक गोल करायचं, ओली करून आत सरकवायची, पाच मिनिटांत काम. माझ्या दोन्ही मुलांना आईने हेच केलं. दोघंही धडधाकट आहेत.

रानवारा
अबोली, हे नको सुचवूस. साबणाने आतली नाजूक कातडी चुरचुरते, सोलवटते. आधीच घाबरलेल्या पोरीच्या मागे काही घातलं की भीती आणखी पक्की बसते.

अबोली
पिढ्यान्‌पिढ्या करतात लोक. तुला किती मुलं?

रानवारा
एकच. आणि त्याच्यावर हेच केलं होतं म्हणून सांगतेय. पुढे कित्येक महिने तो मला चड्डी काढू द्यायचा नाही.

पारिजात
भांडू नका ना प्लीज. अडीच वर्षांची आहे. आत्ताही पडद्यामागे जाऊन उभी आहे. टाचा उचलून, पाय एकमेकांत घट्ट आवळून, मुठी वळून. 'आई, येऊ नको' म्हणते. एवढा जोर लावूनही बाहेर येत नाही म्हणजे किती कडक असेल!

दोनपिल्लं
पारिजात, थांब. हे तू लिहिलंस ते फार महत्त्वाचं आहे. ती जोर लावत नाहीये, ती शी अडवून धरतेय. शी करायची असेल तर मूल गुडघ्यात वाकतं, खाली बसतं. टाचा उचलून, ढुंगण आवळून ताठ उभं राहणं म्हणजे आलेली शी परत वर ढकलणं. माझ्या धाकट्याला मी दोन महिने 'कर, कर, अजून जोर लाव' म्हणत होते आणि तो जीव खाऊन उलटं करत होता.

एकदा दुखलं की मुलं पुढच्या वेळी थांबवून धरतात. थांबली की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, शी आणखी कडक नि जाड होते, मग आणखी दुखतं. मध्यंतरी कधी खूप दुखलं होतं का? रक्त?

खटपट्या
आणि दूध किती पिते?

पारिजात
दूध छान पिते, तो प्रश्नच नाही. तीन बाटल्या.

खटपट्या
बाटली किती मिलीची? जेवणाचं काय?

पारिजात
२५० ची. रात्री उठली तर अजून एक. जेवण दोन-चार घास, म्हणून तर दूध देते. निदान पोटात काहीतरी जातं.

खटपट्या
म्हणजे ७५० मिली, रात्री उठली तर पूर्ण १ लिटर! या वयाला दिवसाला दोन कप, साधारण अर्धा लिटर पुरे. दुधात चोथा शून्य. पोट त्यानेच भरलं की भाज्या-फळांना जागा कुठे राहणार? एवढ्या दुधाने लोहही कमी पडतं, तेही तपासून घ्या. माझ्या मते सगळं दुखणं इथे आहे. दूध पूर्ण बंद करा.

दोनपिल्लं
पूर्ण बंद नको, परस्पर तर मुळीच नको. काही मुलांना गाईच्या दुधानेच असा त्रास होतो हे खरं, पण ते ठरवायला डॉक्टर हवेत. आधी रात्रीची बाटली काढ.

शिंपला
अडीच वर्षांची आणि अजून बाटली? रात्री बाटली तोंडात ठेवून झोपली तर पुढचे दात किडतात. आमच्या भाचीचे चार दात गेले. बाय द वे, ती बोलते का नीट? माझा मुलगा दोन वर्षांचा होईपर्यंत फक्त सहा शब्द बोलायचा, आम्ही श्रवण-तपासणी करून घेतली होती.

रानवारा
शिंपला, बोलण्याचा विषय कुठून आला? 'आई, येऊ नको' म्हणते असं लिहिलंय की वर.

पारिजात
बोलते, भरपूर बोलते. दोनपिल्लं, हो, साधारण तीन आठवड्यांपूर्वी एकदा खूप दुखलं होतं. शीवर रक्ताची बारीक रेघ होती. त्याच आठवड्यात आम्ही डायपर सोडवायला सुरुवात केली होती. पाळणाघरात पुढच्या वर्गात घ्यायचं तर डायपर चालत नाही, म्हणून घाई केली. हे आधी लिहायला हवं होतं, पण याचा संबंध असेल असं वाटलंच नाही.

दोनपिल्लं
संबंध आहे. बहुतेक तिथेच सुरू झालं असेल. कडक शीने चीर पडली, आणि नेमकं तेव्हाच तिला उंच सीटवर, पाय लोंबकळत बसवलं. आता तिच्या डोक्यात पॉटी म्हणजे दुखणं. डायपर परत लाव.

रानवारा
परत डायपर? तीन आठवड्यांची मेहनत वाया. मुलं गोंधळतात. पाय टेकायला स्टूल द्या, गुडघे कमरेपेक्षा वर येतील असं. जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, तेव्हा पाच मिनिटं बसवा. आमचं त्यानेच सुटलं.

दोनपिल्लं
स्टूल बरोबर, जेवणानंतरची वेळही बरोबर. पण ज्या मुलाला बसायचीच धास्ती आहे त्याला ते आधी नको. आधी दुखणं थांबू दे. शू पॉटीत, शी डायपरमध्ये, असं चालतं काही दिवस.

मध्यरात्र
सहसा लिहीत नाही, पण राहवलं नाही. पारिजात, चड्डीला थोडी थोडी पातळ शी लागते का? दिवसातून दोन-तीनदा, डाग पडल्यासारखी?

पारिजात
हो!! कालपासून. मला वाटलं पोट सुटायला लागलं. सासूबाई म्हणाल्या आता औषध नको, उलट जुलाब होतील. आणि मी तिला ओरडले, चड्डीत का केलीस म्हणून.

मध्यरात्र
ते जुलाब नसावेत. आत कडक गोळा अडकला की मागची पातळ शी त्याच्या कडेने पाझरते. गुदाशय ताणून ताणून इतका सैल होतो की मुलाला ते कळतच नाही. ती मुद्दाम करत नाहीये. मीही ओरडले होते माझ्या मुलाला, म्हणून सांगते.

परवापर्यंत थांबू नकोस. फोन करून 'चार दिवस शी नाही आणि चड्डीला पाझरतंय' एवढंच सांग, लवकर घेतील. पोट फुगून टणक झालं, उलट्या झाल्या, ताप आला किंवा रक्त वाढलं तर वेळेची वाट न बघता थेट दवाखान्यात. जन्मल्यावर पहिली शी ४८ तासांत झाली होती का, वजन नीट वाढतंय का, हेही विचारतील, आठवून ठेव.

आम्हाला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली होती. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, शी मऊ होते. सवय लागेल या भीतीने मी दोनदा आपल्या मनाने बंद केली आणि दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात झाली. सवय लागत नाही त्याची. नियमित शी व्हायला लागल्यावरही बरेच आठवडे चालू ठेवून हळूहळू कमी करतात. आमचे आठ महिने गेले.

अबोली
आठ महिने औषध! एवढ्याशा जिवाला? पेर किंवा सुके आलुबुखार भिजवून द्या, त्याने होते साफ.

मध्यरात्र
त्यात सॉर्बिटॉल असतं, म्हणजे शी मऊ करणारा साखरेसारखा पदार्थ, रोजच्यासाठी चांगलंच आहे ते. पण अडकलेला गोळा फळाने हलत नाही गं. आम्ही तेच करत महिना घालवला.

पारिजात
आज संध्याकाळीच घेतलं त्यांनी. पोटाला हात लावताच म्हणाल्या, भरलंय. तीच पावडर दिली आहे, पहिले काही दिवस जास्त, मग कमी. पॉटी तूर्त बंद. पाळणाघराला चिठ्ठी देतो म्हणाल्या. तिला 'ओरडले, चुकलं माझं' म्हटलं, तिने नुसतं पाहिलं माझ्याकडे.

पारिजात
तिसऱ्या दिवशी झाली. खूप झाली. रडली, पण नंतर स्वतःच पोटावर हात ठेवून 'गेलं' म्हणाली. दूध दोन कपांवर आणलंय, रात्रीच्या बाटलीवरून अजून रोज अर्धा तास रडारड. डायपर लावून पडद्यामागेच जाते. मी दुसऱ्या खोलीत थांबते. कालपासून टाचा टेकलेल्या दिसतात पडद्याखालून.

काजवा
माझ्या मुलाचंही अगदी हेच चाललंय, दहा दिवस झाले. कोणती पावडर आणू ते सांगा ना लवकर.

खटपट्या
वय?