सल्ला हवा: बेसबॉलमध्ये आउटफिल्डर असून पिचिंगही करणाऱ्या मुलाला स्काउटसमोर (खेळाडू हेरायला येणाऱ्या निरीक्षकासमोर) कोणत्या जागी उभे करावे?

एडिसनकर:
नमस्कार मंडळी. माझा मुलगा १६ वर्षांचा असून न्यू जर्सीत हायस्कूलच्या संघातून सेंटर फील्डला (आउटफिल्ड म्हणजे मैदानाचा दूरचा भाग, त्याच्या मध्यभागी) खेळतो आणि आठवड्यातून एकदा पिचिंगही, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकण्याचे कामही, करतो. ६० यार्ड तो ६.९ सेकंदांत धावतो. आउटफिल्डमधून त्याची फेक ताशी ८६ मैलांची, तर माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) ८१ मैलांची भरते. अकरावीआधीच्या १ ऑगस्टपासून डिव्हिजन वनचे (कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीचे) प्रशिक्षक मुलांशी थेट बोलू शकतात, म्हणून या उन्हाळ्यात त्याला एखाद्या शोकेसला (स्काउट आणि प्रशिक्षकांना खेळ दाखवण्याच्या मेळाव्याला) न्यायचा विचार आहे. नोंदणी दोन्ही जागांसाठी करावी की एकाच? सगळा खर्च १,००० डॉलरच्या आत बसवायचा आहे.

डॅलसचे_बाबा:
दोन्ही जागांसाठीच नोंदवा. गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुलाला फ्लोरिडा, जॉर्जिया आणि ॲरिझोना येथे नेले; विमान आणि हॉटेल धरून साडेसहा हजार डॉलर लागले, पण त्यानंतर त्याला ११ प्रशिक्षकांच्या ईमेल आल्या. अशा वेळी हात आखडता घेऊ नये. चेंडूचा वेग मोजणारे स्वतःचे रडारही घ्या. आमचे ४०० डॉलरचे आहे आणि प्रत्येक सरावाला ते बरोबर असते.

तिसरा_बेस:
मी १२ वर्षे शालेय संघांना शिकवले आहे, त्यामुळे स्काउट काय टिपतात ते जवळून पाहिले आहे. सामन्यात सेंटर फील्डकडे एकही अवघड चेंडू न जाण्याची शक्यता असते, म्हणून जाणता स्काउट लवकर येऊन सामन्यापूर्वीचा सराव पाहतो. बॅटचा आवाज होताच मुलाचे पहिले पाऊल कोणत्या दिशेला पडते, चेंडूकडे तो सरळ जातो की वळसा घेतो, आणि तिसऱ्या बेसकडची फेक एका टप्प्यात पोहोचते की कट-ऑफच्या (फेक मधेच झेलणाऱ्या खेळाडूच्या) डोक्यावरून निघून जाते, हे तो वहीत लिहितो. पिचर म्हणून पाहताना चेंज-अपच्या (फलंदाजाला फसवायला मुद्दाम संथ टाकलेल्या चेंडूच्या) वेळी हाताचा वेग मंदावतो का, याकडे त्याचे लक्ष असते. आउटफिल्डर धाव घेऊन फेकतो म्हणून त्याचा आकडा मोठा दिसतो. त्यावरून माउंडवरही ८६ येतील असे धरून चालू नका.

सॅन_होजेची_मावशी:
दादा, आमच्या मुलाच्या प्रशिक्षकांनी एका शनिवारी त्याला ८० चेंडू टाकायला लावले आणि लगेच पुढच्या सामन्यात उजव्या फील्डला उभे केले. संध्याकाळी त्याला पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेता येईना. पुढे कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि पूर्ण वर्ष गेले. पिच स्मार्ट या, मुलांच्या हाताला इजा होऊ नये म्हणून केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकावेत आणि ७६ किंवा अधिक टाकल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी. आउटफिल्डमधून केलेल्या फेका मात्र त्यात कोणी मोजत नाही, आणि हात तर तोच असतो.

कोलंबसचा_अण्णा:
मग पिचिंग आणि फलंदाजी दोन्ही करणाऱ्या जपानी खेळाडू शोहेई ओहतानीचे काय? २०१२ मध्ये हानामाकी हिगाशी शाळेकडून खेळताना त्याने ताशी १६० किलोमीटरचा चेंडू टाकला होता आणि तो फलंदाजीही करत होता. मुलाला दोन्ही येत असताना एक सोडायला लावणे हा अन्याय आहे.

सॅन_होजेची_मावशी:
ओहतानीच्या कोपरावर २०१८ आणि २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या आणि २०२४ चा सबंध हंगाम त्याने पिचिंग केले नाही. शिवाय पिचिंग नसलेल्या दिवशी तो जवळजवळ नेहमी फक्त फलंदाजी करतो. आपल्या मुलांना त्या दिवशीही सेंटर फील्डमधून फेकावे लागते, हा फरक कृपया विसरू नका.

बोस्टन_वाचक:
दोन्ही जागांसाठी नोंदवा, असे माझेही मत आहे; कारण मात्र वेगळे आहे. २०२५-२६ पासून हाउस तडजोड (कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या खटल्यातील तडजोड) स्वीकारलेल्या डिव्हिजन वन विद्यापीठांना संघात ३४ खेळाडूच ठेवता येतात, म्हणून दोन कामे करणारा मुलगा प्रशिक्षकाची एक जागा वाचवतो. डिव्हिजन थ्री या खालच्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण अभ्यासातल्या गुणांवर मदत मिळू शकते. मुलाचे गुण कसे आहेत, ते तुम्ही लिहिलेच नाही.

डॅलसचे_बाबा:
चेंडूंची मोजणी आम्हीही ठेवतो. त्यासाठीही रडार उपयोगी पडते.

एडिसनकर:
सर्वांचे मनापासून आभार. गुण चांगले आहेत. मावशींचा प्रतिसाद वाचून मी मुलाच्या मागच्या शनिवारच्या सामन्याचे चित्रीकरण पुन्हा पाहिले आणि आउटफिल्डमधल्या फेका सरावासकट मोजल्या. त्या ४१ भरल्या, आणि आदल्या दिवशी त्याने ७८ चेंडू टाकले होते. बहुतेकांनी दोन्ही जागा सुचवल्या असल्या, तरी आम्ही शोकेस सोडून दिली आहे. घरापासून दोन तासांवरच्या एका डिव्हिजन थ्री कॉलेजच्या एक दिवसाच्या शिबिरात त्याचे नाव फक्त आउटफिल्डर म्हणून दिले आहे. पिचिंग ऑगस्टअखेरपर्यंत पूर्ण बंद राहील. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. काल संध्याकाळी मात्र स्वतःहून हातमोजा घेऊन आला आणि म्हणाला, ‘बाबा, मागे जाणारे उंच चेंडू मारून द्या.’