मदत हवी आहे: सीडीवरचे चरे पॉलिश करून देणारं ठाणे-नवी मुंबईत कोणी आहे का?

फ्लोएट्री, म्हणजे लंडनच्या मार्शा अँब्रोसियस आणि नॅटली स्ट्युअर्ट, या दोघींचा २००२ चा पहिला अल्बम ‘फ्लोएटिक’ सेकंडहँड सीडीवर मिळालाय. एक गाते आणि दुसरी मध्येच कविता बोलत शिरते, अंगावर काटा येतो, नियो सोलमध्ये (सोल आणि हिप-हॉपच्या मिश्रणातून आलेला संगीतप्रकार) याच्या तोडीचं मला फार कमी सापडलंय. पण शेवटची गाणी अडकतात. सीडी आतून बाहेर वाचली जाते म्हणजे लोचा बाहेरच्या कडेला, आणि तिथेच खालच्या बाजूला गोल गोल चरे दिसतायत. डेटाचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, आणि लेबलची बाजू नीट आहे, उजेडात धरून बघितली, कुठे भोक नाही, त्यामुळे डेटा शाबूत असावा.

मऊ कापडाने मधून कडेकडे पुसून झालं, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरमध्ये सिक्युअर मोडवर (पुन्हा पुन्हा वाचून तपासणारा मोड) रिप करून, म्हणजे गाणी कॉम्प्युटरवर उतरवून बघितलं, त्याच जागी एरर. चऱ्यांवर टूथपेस्ट घासायचं प्लीज सुचवू नका, आणि स्ट्रीमिंगही नको, मला याच सीडीवरून फाइल हव्यात.

कोपरखैरणेला राहतो, ठाणे-वाशी कुठेही येईन, कुरिअर मात्र नाही करणार. मशीनवर डिस्क पॉलिश करणारं कोणी माहितीये का, की आधी दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून बघू?