प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला मेकअप लग्नासाठी घ्यावा का? (सांगली)

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न वैशाखात आहे. गेल्या महिन्यात साखरपुड्यासाठी लावलेल्या फाउंडेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिच्या पापण्यांवर आणि हनुवटीखाली लालसर, खाजणारे पुरळ उठले. मिरजेतील त्वचारोगतज्ज्ञांनी ही अ‍ॅलर्जी असावी असे सांगितले असून पॅच टेस्ट (पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या लावून करतात ती तपासणी) पुढील आठवड्यात आहे. आईच्या ओळखीच्या एक बाई घरी सौंदर्यप्रसाधने करतात. त्यांचे ‘प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे माल टिकवणारा घटक, अजिबात नाही’ असे फाउंडेशन आणि गुलाबपाण्याचा टोनर घ्यावा, असा आईचा आग्रह आहे. हा पर्याय खरोखर सुरक्षित आहे का?

हरिपूरकर:
मी काही वर्षे सौंदर्यप्रसाधनांच्या गुणवत्ता तपासणीत काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पहिला प्रश्न प्रिझर्व्हेटिव्हचा नसून पाण्याचा आहे. द्रव फाउंडेशन किंवा टोनर यांत पाणी असते, शिवाय वनस्पतींचे अर्क असले तर जिवाणू आणि बुरशी यांना आयते अन्नही मिळते. बाटली उघडल्यावर रोज बोट किंवा स्पंज लागला की जंतू आत जातात, आणि वास किंवा रंग बदलण्याच्या कितीतरी आधी ते वाढलेले असू शकतात. मस्कारा आणि आयलायनरच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे, कारण स्यूडोमोनास या जिवाणूमुळे डोळ्याच्या बुबुळाला जखम होऊ शकते. व्हिटॅमिन ई घातले आहे म्हणून माल टिकेल, असे पुष्कळांना वाटते. ते तेलाला खवट होऊ देत नाही, पण जंतूंना रोखत नाही.

‘पॅराबेन-फ्री’ म्हणजे ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ असेही समजू नये; पॅराबेन हा प्रिझर्व्हेटिव्हचा केवळ एक गट आहे. २००४ मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासात स्तनाच्या गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन आढळले आणि लोक घाबरले. त्यातून पॅराबेनमुळे कर्करोग होतो असे सिद्ध झाले नव्हते; तरीही अनेक उत्पादनांतून पॅराबेन हटले आणि त्यांच्या जागी आलेल्या मेथिलआयसोथायाझोलिनोन या दुसऱ्या प्रिझर्व्हेटिव्हमुळे युरोपात अ‍ॅलर्जीचे रुग्ण वाढले. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला ‘वर्षातील अ‍ॅलर्जीकारक’ ठरवले आणि युरोपीय संघाने त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. उलट २०१९ साली त्याच अमेरिकी संघटनेने पॅराबेनना ‘अ‍ॅलर्जी न करणारे’ म्हणून निवडले. म्हणून ज्याची सर्वाधिक भीती घातली जाते तेच आपल्या त्वचेला बाधते, असे धरून चालू नये. सुगंधी द्रव्येही तितकीच संशयास्पद असतात.

माझे मत स्पष्ट आहे: घरगुती टोनर आणि पाण्याचे फाउंडेशन घेऊ नये.

विश्रामबाग_ब्युटी:
हरिपूरकरांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एक बाजू राहिली. मी वीस वर्षे वधूंचा मेकअप करते आणि नाजूक त्वचेच्या मुलींना प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या काही वस्तू खरोखर मानवलेल्या पाहिल्या आहेत. मात्र त्या कोरड्या किंवा मेण-तेलाच्या होत्या. पाण्याविना केलेले स्टिक फाउंडेशन, लूज पावडर, लिपस्टिक यांत जंतू वाढायला वावच कमी असतो. त्यातही ओला स्पंज फिरवू नये. वस्तू स्वच्छ चमच्याने ताटलीत काढून घ्यावी. वैशाखात सांगलीत पारा चाळिशीच्या आसपास जातो, तेव्हा मेकअपची पेटी गाडीत ठेवू नये, कारण मेणाच्या वस्तू वितळतात. माझी एक अडचणही सांगते: स्टिक फाउंडेशन पाण्याच्या फाउंडेशनइतके हलके बसत नाही, घामाने लवकर फुटते, त्यामुळे मधूनमधून टिपकागद आणि पावडर लागतेच.

लग्नाच्या किमान दोन आठवडे आधी कोपराच्या आतील बाजूस नवे उत्पादन रोज दोन वेळा, आठवडाभर लावून पाहा. एका दिवसात काही दिसले नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

हरिपूरकर:
स्टिकबाबतचा मुद्दा मान्य आहे. पॅच टेस्टला जाताना साखरपुड्याचे फाउंडेशन, त्याची बाटली आणि घटकांची यादी असलेला मूळ खोका सोबत न्या. पाठीवरील पट्ट्या साधारण दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतरही एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. त्या काळात पाठ भिजू देऊ नये.

कृष्णाकाठ:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. खोका आईने टाकलेला नव्हता, तो मी बाजूला काढला आहे. टोनर नको असे आईला आज समजावले. स्टिक आणि पावडर मात्र पॅच टेस्टचा अहवाल हाती आल्यावरच घेऊ, म्हणजे घटकांची यादी त्याच्याशी ताडून पाहता येईल.