ब्रिटिशांना युरोपात ९० दिवसांहून जास्त राहू द्यावं का?

कोकणकडा:
स्पेन-फ्रान्समध्ये सुट्टीचं घर घेऊन बसलेल्या ब्रिटिश मंडळींची सध्या ओरड चालू आहे. शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, व्हिसाशिवाय १८० पैकी ९० दिवसच राहता येतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहरा टिपून संगणकच दिवस मोजायला लागला, म्हणजे शिक्क्यांच्या गर्दीत खपून जायची सोयही गेली. मागणी काय, तर घरमालकांना आपोआप लांब मुदतीचा व्हिसा द्या. का द्यावा? २०१६ साली ५१.९ टक्क्यांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचं (ब्रेक्झिट) ठरवलंत, आता बाहेरच्यांचे नियम पाळा. आपण चार दिवस पॅरिसला जायचं म्हटलं तरी बँक स्टेटमेंट, विमा, हॉटेल बुकिंगची चळत घेऊन जातो. यांना व्हिसाशिवाय ९० दिवस, वर रडगाणं!

टेम्सकाठचा:
असहमत. ब्रिटन युरोपीय पाहुण्याला एका भेटीत सहा महिने राहू देतं, समोरून मिळतात निम्मे. लीप वर्ष नसेल तर १ जानेवारी ते ३१ मार्च बरोब्बर ९० दिवस होतात. त्यानंतर स्वतःच्याच घरात पाऊल टाकायला ३० जून उजाडावा लागतो. घरपट्टी मात्र वर्षभराची. फ्रान्सच्या सिनेटनेच २०२३ मध्ये अशा घरमालकांना आपोआप व्हिसा द्यायची दुरुस्ती मंजूर केली होती, हे विसरू नका.

कोकणकडा:
आणि जानेवारी २०२४ मध्ये कायदे घटनेला धरून आहेत का ते तपासणाऱ्या तिथल्या घटना परिषदेने ती उडवली, हे तुम्ही विसरलात. जास्त राहायचंय? रीतसर व्हिसा काढा. स्पेनमध्ये काम न करता राहायला महिना २,४०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं. दुसरं घर परवडतं त्याला हे जड नाही.

व्हॅलेन्सियाची_सून:
तुम्ही दोघं घरमालकांवरच अडून बसलात. मी ब्रिटिश पासपोर्टवाली, नवरा स्पॅनिश, ब्रेक्झिटच्या आधीपासून इथेच. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी इथे राहणाऱ्या ब्रिटिशांचे हक्क ब्रेक्झिटच्या करारात शाबूत आहेत, ते ९० दिवसांच्या फेऱ्यात येत नाहीत. पण देशागणिक तऱ्हा वेगळी. स्पेनमध्ये हक्क आपसूक चालू राहिला, कार्ड हा फक्त पुरावा. फ्रान्स, नेदरलँड्स, स्वीडनमध्ये अर्ज सक्तीचा. माझ्याकडे आधी रहिवासी नोंदणीचा जुना हिरवा कागद होता, ना फोटो, ना मुदत. कायद्याने चालतो, पण विमानतळावर तो दाखवला की समोरचा आधी कागदाकडे, मग माझ्याकडे बघायचा. शेवटी फोटोवालं कार्ड घेतलं.

आणि "तुम्हीच ठरवलंत" हे कुणाला म्हणताय? १५ वर्षांहून जास्त बाहेर राहिलेल्या ब्रिटिशांना २०१६ मध्ये मतच नव्हतं. ती अट उठली जानेवारी २०२४ मध्ये. वरातीमागून घोडं!

खरी गोची परतताना आहे. सुरिंदर सिंग या भारतीयाच्या १९९२ च्या खटल्यामुळे युरोपात राहून आलेल्या ब्रिटिशाला परदेशी जोडीदारासह मायदेशी परतणं सोपं झालं होतं. ती वाट २९ मार्च २०२२ ला बंद झाली. आता नवऱ्याला तिकडे न्यायचं तर साधारणपणे वर्षाला २९,००० पौंडांची कमाई दाखवा. हा नियम युरोपचा नाही, आमच्याच सरकारचा.

म्हापशेकर:
ताई, शेवटचं पटलं. पण अर्जसक्तीबद्दल ब्रिटिशांनी तक्रार करू नये. आमच्या गोव्याचे कितीतरी जण पोर्तुगीज पासपोर्टवर, म्हणजे युरोपीय नागरिक म्हणून, इंग्लंडातल्या स्विंडनला गेले. ब्रेक्झिटनंतर तिथेच राहायचं तर त्यांनाही ब्रिटनने ३० जून २०२१ च्या आत अर्ज करायला लावला होता. वर्षानुवर्षं तिथे राबलेल्यांनाही तेच.

टेम्सकाठचा:
मग उद्या ब्रिटननेही पाहुण्यांचे सहा महिने तीनवर आणले तर चालेल?

कोकणकडा:
आणू देत की. बरोबरीच हवी होती ना तुम्हाला? ताईंसारख्या आधीपासूनच्या रहिवाशांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, त्यांचे हक्क पाळलेच पाहिजेत. सुट्टीच्या घरवाल्यांना मात्र व्हिसाची रांग.