'अतिक्रमण' एक, इंग्रजी शब्द चार

विचारणा

एका कायदेविषयक मजकुराचा मराठी अनुवाद तपासताना असे आढळले, की ट्रेसपास, एन्क्रोचमेंट, इन्फ्रिंजमेंट आणि ट्रान्सग्रेशन या चारही शब्दांसाठी अनुवादकाने 'अतिक्रमण' हा एकच शब्द योजला आहे. कोश उघडला, तर प्रत्येक शब्दापुढे 'अतिक्रमण, उल्लंघन, भंग' हीच माळ उलटसुलट क्रमाने दिसते. या शब्दांतला भेद मराठीत कसा राखावा?

उत्तर

कोशातली माळ चुकीची नाही, पण तिच्यातला कोणता मणी कुठे ओवायचा हे ती सांगत नाही. माझ्या मते पहिल्या दोन शब्दांपुरता एक प्रश्न विचारावा: हद्दीत शिरलेला माणूस परत जातो, की तिथेच ठाण मांडतो?

ट्रेसपासमध्ये पाऊल आत पडले की कृत्य पुरे होते. ज्या जुन्या फ्रेंच शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ 'पलीकडे जाणे' एवढाच होता, आणि आजच्या फ्रेंचमध्ये तर त्याच शब्दाचा अर्थ 'निधन पावणे' असा आहे, जसे आपण 'पैलतीरी गेले' म्हणतो. एन्क्रोचच्या पोटात मात्र आकडा या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द दडलेला आहे. आकडा अडकवायचा आणि दुसऱ्याचे हळूहळू आपल्याकडे ओढायचे, ही त्यातली मूळ कल्पना. (विजेच्या तारेवर आकडा टाकणाऱ्यांना ही व्युत्पत्ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.) 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण एन्क्रोचची आहे, ट्रेसपासची नव्हे.

रेल्वेचे उदाहरण घेतले तर फरक लगेच लक्षात येतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि मुंबईत पुलाचा जिना टाळून रूळ ओलांडणारा प्रवासी रेल्वेच्या इंग्रजीत ट्रेसपासर ठरतो. त्याला मराठीत 'अतिक्रमण करणारा' म्हटले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे रुळांलगतच्या झोपड्या उभ्या राहतील. तिथे 'रूळ ओलांडणे' किंवा 'बेकायदा प्रवेश' हेच योग्य. उलट महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ५० सरकारी जमिनीवरचे जे कब्जे हटवण्याविषयी आहे, त्यांना 'अतिक्रमण' हा शब्द नेमका बसतो.

इन्फ्रिंजमध्ये जमिनीचा संबंध सुटतो. त्याचे लॅटिन मूळ 'मोडणे' या अर्थाचे असून फ्रॅक्चर हा शब्द त्याच कुळातला आहे. म्हणून इथे 'भंग' हवा. मात्र एक काळजी घ्यावी लागते. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ खालील इन्फ्रिंजमेंटला कोणी घाईघाईने नुसते 'हक्कभंग' म्हटले, तर मराठी वाचक थेट विधिमंडळात पोहोचतो, कारण तो शब्द सभागृहाच्या विशेषाधिकारांशी पक्का जोडला गेला आहे. 'प्रताधिकाराचा भंग' असे सोडवून लिहावे.

सर्वांत गमतीचा शब्द ट्रान्सग्रेस. लॅटिनमध्ये त्याचे दोन अवयव 'पलीकडे' आणि 'पाऊल टाकणे', तर संस्कृतात 'अति' आणि 'क्रम्', म्हणजे पुन्हा पाऊल टाकणेच (वामनाचे 'त्रिविक्रम' हे नाव याच धातूचे). घडणीच्या दृष्टीने ट्रान्सग्रेशन आणि अतिक्रमण हे एकमेकांचे हुबेहूब प्रतिशब्द आहेत, आणि तरीही आजच्या मराठीत ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. महापालिकांच्या अतिक्रमण विभागांनी हा शब्द पदपथावर आणून बसवला. नीतीची किंवा धर्माची चौकट ओलांडल्याचा अर्थ त्यात आता क्वचितच ऐकू येतो. त्यासाठी 'मर्यादाभंग' लिहावे. बोलण्यातला प्रसंग असेल तर 'पायरी सोडणे' फारच चांगले, कारण त्यातही पाऊल आहेच.

'उल्लंघन' हा शब्द मात्र सरसकट वाईट मानू नये. नियमाचे उल्लंघन दंडास पात्र असते, पण दसऱ्याला गावाची शीव ओलांडून आपण करतो ते सीमोल्लंघन शुभच असते. तशीच गोष्ट 'भंग'ची. १९३० च्या चळवळीला हिंदीत 'सविनय अवज्ञा' म्हणतात आणि 'सिव्हिल डिसओबीडियन्स' या इंग्रजी शब्दाच्या ते अधिक जवळही आहे, पण मराठीने 'सविनय कायदेभंग' म्हटले. आज्ञा न पाळणे आणि कायदा उघडपणे मोडणे यांत मराठीने दुसरे निवडले, आणि मीठ उचलण्याच्या कृतीला तेच शोभते, असे मला वाटते.

प्रतिसाद

आपण सुचवलेली कसोटी फौजदारी कायद्यात टिकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये, आणि तिच्याआधी भारतीय दंड संहितेच्या कलम ४४१ मध्येही, कायदेशीर रीतीने आत आलेला माणूस गुन्हा करण्याच्या किंवा कब्जेदारास धाकदपटशा दाखवण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या वा त्याला त्रास देण्याच्या हेतूने बेकायदा थांबून राहिला, तर तेही ट्रेसपासच ठरते. हा माणूस परत जात नाही. शिवाय हाऊस-ट्रेसपाससाठी 'गृह-अतिक्रमण' हा शब्द मराठी कायदेभाषेत रुळलेला आहे, त्याचे काय करावे?

उत्तर

आक्षेप बरोबर आहे, त्यामुळे कसोटी बदलतो. माणूस थांबतो की जातो हे पाहण्याऐवजी हद्द कुठे राहते ते पाहावे. ट्रेसपासमध्ये हद्द जागच्या जागी असते. घरात ठिय्या देऊन बसलेला माणूस ते घर आपले आहे असे म्हणत नसतो. एन्क्रोचमध्ये हद्दच सरकते. खेड्यात याला 'बांध कोरणे' म्हणतात: दर नांगरटीला वीतभर बांध कोरायचा आणि काही वर्षांनी शेजाऱ्याच्या शेताचा एक तास (नांगराची ओळ) आपल्या शेतात आलेला असतो. 'गृह-अतिक्रमण' या शब्दाला ही कसोटी लावली तर तो नापास होईल, हे खरे. तरीही तो कायद्याच्या मजकुरातला असल्याने त्या मजकुराच्या अनुवादात तसाच ठेवावा, आणि बातमीत किंवा लेखात मात्र 'बेकायदा घरात शिरला' असे लिहावे.