म्हाताऱ्यांसाठी गावात सोयी करायच्यात, सुरुवात घरापासून की रस्त्यापासून?

कट्ट्यावरचा: आमचं गाव लहान, तरणी पोरं बाहेर गेली, मागे राहिलेत ते बहुतेक साठीच्या पुढचे. आम्ही सातआठ जणांनी थोडी वर्गणी जमवलीय पण प्रत्येक मीटिंगला तेच भांडण, आधी घरं नीट करायची की रस्ता, बाकडी वगैरे. त्यात माझ्याच घरी फजिती झालीय. बाबांसाठी रॅम्प करायला सांगितला तर मिस्त्रीने तीन पायऱ्यांवर सहा फुटात सिमेंट ओतून दिलं, व्हीलचेअर चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरताना जीव मुठीत. तोडू का?

टेपवाला: तोडाच. ६ इंचाची पायरी धरली तरी तिन्हीचे १८ इंच झाले, आणि रॅम्पचा हिशेब १:१२, म्हणजे १ इंच चढायला १२ इंच लांबी, तुम्हाला १८ फूट पाहिजे. सरळ जागा नसेल तर मधे सपाट ठेवून काटकोनात वळवा. आणि बाबा थोडंफार चालत असतील तर बुटक्या पायऱ्या नि दोन्ही बाजूंनी कठडा पण ठेवा, गुडघे दुखणाऱ्याला उतार उतरणं उलट जड जातं.

सावकाश_चला: रॅम्प राहू दे, बाथरूम बघा आधी!! आमची आई कमोडवरून उठताना टॉवेलचा रॉड धरायची, एक दिवस तो भिंतीतल्या स्क्रूच्या प्लगसकट हातात आला, भिंतीला टेकली म्हणून वाचली. टॉवेलचा रॉड म्हणजे आधाराचा रॉड नव्हे, तो वेगळा मिळतो आणि पक्क्या भिंतीत अँकर फास्टनरने (भिंतीच्या आत फुलून घट्ट बसणारा बोल्ट) बसवायचा. दार पण बाहेर उघडेल असं करून घ्या, आत कोणी दारापाशीच पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. बाकी रात्रीचा दिवा, निसटणारी पायपुसणी, हे तर स्वस्तातलं काम.

एसटीची_वाट: सावकाश_चला म्हणतात ते बरोबर, पण घर एकदम झकास करून माणूस आतच अडकला तर काय उपयोग? जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ३३ शहरांतल्या लोकांशी बोलून, शहर म्हाताऱ्यांच्या सोयीचं कसं करायचं यावर मार्गदर्शिका काढली, त्यात ८ विषय आहेत आणि घर त्यातला फक्त एक. कॅनडाने त्याच वर्षी खेड्यांसाठी वेगळी काढली, कारण गावाकडचं दुखणं वेगळं, गाडी चालवणं सुटलं की दवाखाना, बाजार, मैत्रिणी सगळंच सुटतं. मीटिंगा बंद करा आणि दोनतीन म्हाताऱ्या माणसांना घेऊन स्टँडपर्यंत चाला, त्यांच्या वेगाने. जिथे दम खायला थांबतील तिथे खडूने खूण करा, बाकडं तिथेच. पाठ आणि हात असलेलं घ्या, नुसत्या कट्ट्यावरून उठताना धरायला काही नसतं.

कट्ट्यावरचा: काल चाललो तिघांना घेऊन. माझी दहा मिनिटांची वाट, पस्तीस मिनिटं लागली, पाच खुणा झाल्या, त्यातल्या दोन तर चढ नसलेल्या जागी, आम्हाला कधी सुचलं नसतं. पण खरी गोष्ट वेगळीच निघाली. एक आजी म्हणाल्या बाहेर जायचं असेल तर मी सकाळपासून पाणीच पीत नाही, स्टँडवरच्या संडासाला कुलूप असतं. आमच्या यादीत संडास नव्हताच, आता पहिला घेतलाय. रॅम्प मोजला, २० इंच चढ निघाला, टेपवाले, म्हणजे २० फूट ना?

टेपवाला: हो २०. वळणावरचा सपाट भाग त्यात धरू नका, तो वेगळा.